सोनार व ध्वनिप्रतिमांकनातील न्यूरल नेटवर्क

सोनार व ध्वनिप्रतिमांकनातील न्यूरल नेटवर्क हे ध्वनिशास्त्र, सागरविज्ञान आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवरील एक अभ्यासक्षेत्र आहे. पाण्यातून किंवा अन्य अपारदर्शक माध्यमातून परत आलेल्या प्रतिध्वनींचे वर्गीकरण करणे, त्यांतील गोंगाट कमी करणे आणि त्यांपासून अधिक स्पष्ट प्रतिमा तयार करणे, ही कामे या क्षेत्रात उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालींकडून करून घेतली जातात. या प्रणालींना न्यूरल नेटवर्क किंवा कृत्रिम चेताजाल असे म्हणतात. भारतात या विषयावरील उल्लेखनीय संशोधन गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले आहे. सागरतळाचे सर्वेक्षण, जहाजवाहतुकीची सुरक्षितता, मासेमारी, धरणांतील गाळाचे मापन आणि वैद्यकीय सोनोग्राफी ही या तंत्राची प्रमुख उपयोगक्षेत्रे आहेत.

सोनारचे कार्यतत्त्व

प्रकाश समुद्राच्या पाण्यात फार खोल जात नाही. सुमारे २०० मीटर खोलीनंतर सूर्यप्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. रेडिओ तरंगही खाऱ्या पाण्यात थोड्याच अंतरात शोषले जातात. ध्वनी मात्र पाण्यातून दूरवर जातो. त्याचा वेग समुद्रात दर सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरात १८२६ साली कोलादाँ आणि स्टर्म यांनी पाण्यातील ध्वनीचा वेग प्रत्यक्ष मोजला होता. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यानंतर पाण्यातील अडथळे ध्वनीने ओळखण्याच्या प्रयत्नांना गती आली, आणि पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या साहाय्याने ध्वनिस्पंद निर्माण करण्याची पद्धत विकसित केली.

सक्रिय सोनार ध्वनीचा एक छोटा स्पंद पाण्यात सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. स्पंद जाऊन परत येण्यास ४ सेकंद लागले, तर एकेरी प्रवास २ सेकंदांचा, म्हणून तळाची खोली सुमारे ३,००० मीटर असे गणित मांडले जाते. निष्क्रिय सोनार स्वतः ध्वनी सोडत नाही. जहाजांची यंत्रे, देवमासे, डॉल्फिन किंवा इतर जलचर यांचे आवाज तो केवळ ऐकतो.

एकशलाका सोनार जहाजाच्या बरोबर खालची एकच खोली मोजतो. बहुशलाका सोनार पंख्याच्या आकारात अनेक ध्वनिशलाका सोडून एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजतो. पार्श्वदर्शी सोनार दोन्ही बाजूंना तिरपा ध्वनी टाकून तळाचे छायाचित्रासारखे दृश्य निर्माण करतो. या दृश्यात उंचवट्यांच्या मागे ध्वनिछाया पडते. अनेकदा वस्तूपेक्षा तिच्या छायेवरूनच तिचा आकार ओळखता येतो.

ध्वनिप्रतिमेतील अडचणी

ध्वनिप्रतिमा दिसायला छायाचित्रासारखी असली, तरी तिच्या मर्यादा निराळ्या असतात. पहिली मर्यादा वारंवारतेची आहे. २१० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी सुमारे ७ मिलिमीटर असते, तर ३३ किलोहर्ट्झ ध्वनीची सुमारे ४.५ सेंटिमीटर. उच्च वारंवारतेने बारीक तपशील मिळतो, परंतु तो ध्वनी लवकर शोषला जातो. निम्न वारंवारतेचा ध्वनी दूरवर आणि मऊ गाळाच्या आतही पोहोचतो, मात्र त्याने मिळणारी प्रतिमा ढोबळ असते.

दुसरी मर्यादा शलाकेच्या रुंदीची आहे. २ अंश रुंदीची शलाका ३,००० मीटर खोलीवर पोहोचेपर्यंत सुमारे १०५ मीटर व्यासाच्या क्षेत्रावर पसरते. या क्षेत्रातील सर्व खडक, वाळू आणि चिखल यांचा मिळून एकच प्रतिध्वनी येतो.

तिसरी अडचण ठिपक्यांची आहे. तळावरील असंख्य लहान कणांवरून परतलेले तरंग कोठे एकमेकांना बळ देतात, तर कोठे एकमेकांना छेद देतात. त्यामुळे एकसारख्या वाळूची प्रतिमाही ठिपकेदार दिसते. याशिवाय जहाजाचे हेलकावे, त्याच्या यंत्रांचा आवाज, पाण्यातील हवेचे बुडबुडे आणि पृष्ठभाग व तळ यांच्यामध्ये होणारे अनेकवार परावर्तन यांचीही भर पडते. तापमान व क्षारता यांनुसार ध्वनीचा वेगही बदलतो. प्रत्यक्ष वेग १,५३० मीटर असताना गणितात १,५०० मीटर धरला, तर १०० मीटर खोलीच्या मापनात सुमारे २ मीटरांची चूक होते.

वेगाविषयीची चूक पाण्याचे तापमान व क्षारता मोजून सुधारता येते, आणि तिच्यासाठी न्यूरल नेटवर्कची आवश्यकता नसते. परंतु एखादा प्रतिध्वनी वाळूचा की चिखलाचा, खडकाचा की लोखंडी वस्तूचा, हे ठरवणारे सोपे सूत्र नाही. अनुभवी सोनारचालक ते सरावाने ओळखतो. हा सराव यंत्राला देता येईल काय, या प्रश्नातून या क्षेत्राचा उदय झाला.

न्यूरल नेटवर्कची रचना व शिक्षण

न्यूरल नेटवर्कमध्ये साध्या गणिती घटकांचे थर असतात. प्रत्येक घटक आपल्याकडे आलेल्या संख्यांना ठरावीक भारांनी गुणतो, त्यांची बेरीज करतो आणि बेरजेनुसार पुढील थराला एक संख्या देतो. सोनारच्या बाबतीत पहिल्या थराला प्रतिध्वनीची वेगवेगळ्या क्षणांची किंवा वेगवेगळ्या वारंवारतांची तीव्रता दिली जाते. शेवटच्या थरातून ‘वाळू’, ‘चिखल’, ‘खडक’ असे उत्तर मिळते.

आरंभी हे भार यादृच्छिक असल्यामुळे उत्तरेही चुकीची येतात. प्रत्येक चुकीनंतर कोणता भार किती बदलल्यास चूक कमी होईल, हे मागील थरांपर्यंत मोजत नेले जाते आणि सर्व भार किंचित दुरुस्त केले जातात. हजारो उदाहरणांवर ही क्रिया पुनःपुन्हा केल्यावर नेटवर्क प्रतिध्वनींतील भेद ओळखू लागते. या पद्धतीस पर्यवेक्षित शिक्षण म्हणतात, कारण प्रत्येक उदाहरणाचे योग्य उत्तर आधी माहीत असावे लागते.

अपर्यवेक्षित शिक्षणात उत्तरे दिलेली नसतात. नेटवर्क केवळ सारखेपणावरून प्रतिध्वनींचे गट पाडते. फिनलंडचे शास्त्रज्ञ टेउवो कोहोनेन यांनी १९८२ साली मांडलेला स्वयंसंघटित नकाशा हा याचा प्रसिद्ध प्रकार आहे. धान्य निवडणारी व्यक्ती दाण्यांची नावे माहीत नसतानाही सारखे दाणे वेगळे काढू शकते, तसेच हे कार्य चालते. अशा गटांना नाव देण्याचे काम मात्र नंतर माणसालाच करावे लागते.

इतिहास

मेंदूतील चेतापेशीची पहिली गणिती प्रतिकृती मॅकलक आणि पिट्स यांनी १९४३ साली मांडली. फ्रँक रोझनब्लाट यांनी १९५८ साली परसेप्ट्रॉन हे शिकणारे प्रारूप सादर केले. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधामुळे अनेक थरांच्या नेटवर्कला शिकवण्याची पद्धत सर्वत्र प्रचारात आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८८ साली, अमेरिकेतील गॉर्मन व सेजनोव्स्की यांनी ही पद्धत सोनारवर लागू केली. त्यांनी धातूचा दंडगोल आणि साधारण तशाच आकाराचा खडक यांच्यावरून वेगवेगळ्या कोनांतून आलेले २०८ प्रतिध्वनी घेतले. त्यांपैकी १११ दंडगोलाचे, तर ९७ खडकाचे होते. प्रत्येक प्रतिध्वनी ६० संख्यांच्या रूपात नेटवर्कला देण्यात आला. पूर्वी न दाखवलेल्या प्रतिध्वनींपैकी सुमारे ९० टक्के त्या नेटवर्कने बरोबर ओळखले. समुद्रसुरुंग आणि खडक यांतील भेद ओळखण्याच्या प्रश्नाशी या प्रयोगाचा थेट संबंध होता. हा माहितीसंच आजही जगभरातील विद्यार्थी सरावासाठी वापरतात.

२०१२ नंतर छायाचित्रे ओळखणाऱ्या सखोल नेटवर्कची झपाट्याने प्रगती झाली आणि सोनारच्या प्रतिमाही त्यांना दिल्या जाऊ लागल्या. अशा नेटवर्कमधील आरंभीचे थर कडा व पोत ओळखतात, तर नंतरचे थर त्यांपासून पूर्ण आकार जुळवतात. जर्मनीतील संशोधकांनी २०१५ साली वैद्यकीय प्रतिमांसाठी मांडलेली यू-नेट ही रचना प्रतिमेतील प्रत्येक बिंदू कोणत्या गटात मोडतो हे सांगते. पुढे तिच्या धर्तीवरील रचना सागरतळाच्या प्रतिमांसाठीही वापरल्या जाऊ लागल्या.

गोव्यातील संशोधन

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची घटक संस्था आहे. संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरील मँगनीजचे गोळे प्रथम वर काढण्यात आले. या गोळ्यांत मँगनीजसोबत तांबे, निकेल व कोबाल्ट ही धातुद्रव्ये असतात. १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरातील १,५०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचे अधिकार मिळाले. एवढ्या विस्तीर्ण तळाचा प्रत्येक भाग नमुने काढून तपासणे अशक्य असल्यामुळे प्रतिध्वनीवरून तळाचा प्रकार ओळखण्याच्या पद्धतींना विशेष महत्त्व आले.

‘सागर कन्या’ या संशोधन जहाजावर हायड्रोस्वीप हा बहुशलाका सोनार बसवण्यात आला होता. १५.५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर चालणारा हा सोनार ५९ शलाकांनी खोलीच्या सुमारे दुप्पट रुंदीचा पट्टा मोजत असे. तळावर पडणाऱ्या ध्वनीचा कोन बदलला की परतणाऱ्या ध्वनीची तीव्रताही बदलते. गुळगुळीत तळावरून सरळ खाली सोडलेला ध्वनी जोरदार परततो, परंतु तिरपा ध्वनी बहुतांशी पुढे निघून जातो. खडबडीत तळावरून मात्र तिरप्या कोनातही बराच ध्वनी परत येतो. कोनानुसार होणाऱ्या या बदलात तळाच्या स्वरूपाची खूण दडलेली असते.

ही खूण ओळखण्यासाठी संस्थेतील बिश्वजीत चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्कचा उपयोग केला. २००१ साली त्यांनी स्वयंसंघटित नकाशाद्वारे सागरतळाच्या अवसादाचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. २००३ साली हायड्रोस्वीपच्या कोनीय माहितीसाठी आणि २००४ साली प्रतिध्वनीच्या तरंगरूपासाठी त्यांनी संमिश्र रचना मांडली. तीत आधी स्वयंसंघटित नकाशा गट पाडतो आणि नंतर कोहोनेन यांचीच दुसरी, पर्यवेक्षित पद्धत त्या गटांच्या सीमा अधिक नेमक्या करते. सर्वेक्षण चालू असतानाच जहाजावर तळाचा प्रकार कळावा, हा या कामामागील एक हेतू होता.

२००९ साली चंचल दे व चक्रवर्ती यांनी भारताच्या पश्चिम सागरमग्न खंडभूमीवर ३३ व २१० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारतांचा वापर केला. तळाचे किती प्रकार आहेत हे आधी न ठरवता, स्वयंसंघटित नकाशाने त्यांची संभाव्य संख्या सुचवावी आणि मग संदिग्ध गणिताने वर्गीकरण करावे, अशी ही पद्धत होती. संदिग्ध गणितामुळे ‘थोडी वाळू, बराच चिखल’ अशा मिश्र तळालाही स्थान मिळते. गोव्यालगत किनाऱ्याजवळ प्रामुख्याने चिखल व गाळ, तर दूरच्या खोल भागात वाळू आढळते. तळातून काढलेल्या प्रत्यक्ष नमुन्यांशी ताडून अशा वर्गीकरणाची सत्यता पाहिली जाते.

प्रतिमा सुधारण्याच्या पद्धती

गोंगाट कमी करण्यासाठी नेटवर्कला गोंगाटयुक्त व स्वच्छ अशा प्रतिमांच्या जोड्या दाखवल्या जातात. समुद्रात पूर्णपणे स्वच्छ प्रतिमा मिळत नाही. त्यामुळे कधी संगणकावर कृत्रिम प्रतिमा तयार केल्या जातात, तर कधी एकाच जागेच्या दोन गोंगाटयुक्त प्रतिमा वापरल्या जातात. गोंगाट दर वेळी बदलतो आणि तळ तोच राहतो. म्हणून एका प्रतिमेवरून दुसरीचा अंदाज बांधताना नेटवर्क तळाचे रूप शिकते. गोंगाटाचा अंदाज मात्र त्याला बांधता येत नाही. या तत्त्वावरील पद्धत २०१८ साली प्रसिद्ध झाली.

वस्तूशोधात नेटवर्क शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातून बुडालेली जहाजे, सुरुंग किंवा तुटलेली मासेमारीची जाळी यांच्या संभाव्य जागा दाखवते. खोलीमापनात माशांच्या थव्यामुळे किंवा बुडबुड्यांमुळे आलेली चुकीची मापे वेगळी काढण्यासही त्याची मदत होते. निष्क्रिय सोनारमध्ये आवाजाचे वारंवारताचित्र काढून ते चित्र नेटवर्कला दिले जाते. अशा रीतीने जहाज, डॉल्फिन आणि माशांचे समूह यांचे आवाज वेगळे करता येतात.

वैद्यकीय सोनोग्राफीचे तत्त्वही हेच आहे. तिच्यात मेगाहर्ट्झ श्रेणीतील ध्वनी वापरला जातो आणि शरीरातील ध्वनीचा वेग सर्वत्र दर सेकंदाला १,५४० मीटर मानला जातो. चरबीत हा वेग कमी असल्यामुळे प्रतिमा धूसर होते. असा धूसरपणा व ठिपके कमी करणे, तसेच अवयवांच्या कडा आखणे, यांसाठी न्यूरल नेटवर्क वापरले जाते.

जलाशय व गाळमापन

समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांतही सोनारला महत्त्व आहे. धरणातील पाण्याची पातळी मोजपट्टीवर दिसते, परंतु त्या पातळीला प्रत्यक्ष किती पाणी आहे, हे तळाच्या आकारावर अवलंबून असते. गाळ साचल्यावर जुना क्षमता-तक्ता प्रत्यक्षाहून अधिक पाणी दाखवतो. अशा जलाशयांचे सर्वेक्षण नावेवर बसवलेला प्रतिध्वनीमापक व उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यांच्या साहाय्याने केले जाते. महाराष्ट्रात नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि १९१६ साली स्थापन झालेले खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र या संस्था जलसर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम करतात.

लातूर शहराला बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणातून पाणी मिळते. या धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर असून त्यातील सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. नंतर ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. खोलीमापनातील लहान चुकीचे मोल यावरून समजते. १ चौरस किलोमीटर पाणपसाऱ्यात सरासरी खोली १० सेंटिमीटरने चुकली, तर हिशेबात १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाण्याचा फरक पडतो. तेवढे पाणी आणण्यासाठी ५० वाघिणींच्या गाडीला ४० खेपा कराव्या लागतील.

जलाशयाच्या तळाशी पातळ चिखलाचा थर असतो. उच्च वारंवारतेचा ध्वनी त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो, तर निम्न वारंवारतेचा ध्वनी आत शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. या दोन मापांतील फरकावरून मऊ गाळाच्या जाडीचा अंदाज येतो. पाणवनस्पती, बुडालेली झाडे किंवा माशांचे थवे यांमुळे मात्र खोटे तळ दिसतात. खरा तळ कोणता हे ठरवण्याच्या टप्प्यावर न्यूरल नेटवर्क उपयोगी पडू शकते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या राज्य शासनाच्या योजनेसारख्या कामांत गाळ किती व कोठे आहे, हा मूलभूत प्रश्न असतो. चाकूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील लहान तलाव उन्हाळ्यात आटतात. अशा कोरड्या तळाचे मापन सोनारने होत नाही, तेथे जमिनीवरील साधी पातळीमोजणीच योग्य ठरते.

मर्यादा

न्यूरल नेटवर्कने सुधारलेली प्रतिमा डोळ्यांना स्पष्ट दिसली, तरी ती सत्य असेलच असे नाही. मूळ प्रतिध्वनीत नसलेला तपशील नेटवर्क पूर्वी पाहिलेल्या उदाहरणांवरून भरू शकते. नौकानयनाच्या नकाशात असा काल्पनिक तपशील शिरणे किंवा खरा खडक ‘गोंगाट’ म्हणून पुसला जाणे धोक्याचे असते. म्हणून अशा कामांत मूळ माहिती जपून ठेवणे आणि अंतिम निर्णय प्रशिक्षित सर्वेक्षकाने घेणे आवश्यक ठरते.

दुसरी मर्यादा उदाहरणांच्या व्याप्तीची आहे. एका किनाऱ्यावरील चिखलावर शिकलेले नेटवर्क दुसऱ्या किनाऱ्यावर किंवा दुसऱ्या बनावटीच्या सोनारवर चुकू शकते. सागरतळाचे नमुने गोळा करण्यास जहाज, वेळ व पैसा लागत असल्यामुळे योग्य उत्तरे माहीत असलेली उदाहरणे मुळातच थोडी असतात.

यशाची टक्केवारीही दिशाभूल करू शकते. १,००० प्रतिमांपैकी केवळ १० प्रतिमांत सुरुंग असतील आणि नेटवर्कने प्रत्येक वेळी ‘सुरुंग नाही’ असे उत्तर दिले, तर त्याची अचूकता ९९ टक्के भरते, परंतु एकही सुरुंग सापडत नाही. तसेच लागोपाठचे प्रतिध्वनी जवळजवळ सारखे असतात. त्यांतील काही शिक्षणासाठी व काही परीक्षेसाठी घेतले, तर परीक्षा आधी सोडवलेल्या प्रश्नांचीच होते. त्यामुळे परीक्षेचे प्रतिध्वनी वेगळ्या क्षेत्रातील किंवा वेगळ्या सफरीतील असावेत, असा दंडक पाळला जातो.

जगातील सागरतळापैकी सुमारे एक चतुर्थांश भागाचेच आधुनिक पद्धतीने मापन झालेले आहे. उरलेल्या भागाच्या मापनातून प्रचंड माहिती गोळा होणार असून तिची छाननी केवळ मानवी श्रमाने करणे कठीण आहे. त्यामुळे या क्षेत्रात न्यूरल नेटवर्कचा वापर वाढत आहे. मात्र नेटवर्कने दिलेल्या उत्तराची अंतिम कसोटी तळातून काढलेला प्रत्यक्ष नमुना हीच मानली जाते.